बिनफवारणीच्या ओळी

“यात नीळ कशाला?” आण्णांनी विचारलं.

मी पिंपात निळीची पूड सोडली होती आणि पाणी धुणं खळबळायच्या पाण्यासारखं झालं होतं. त्याआधी त्यात गूळ विरघळवला होता. आण्णांचा मुलगा भूपाल काठीनं ढवळत होता आणि मान वळवून माझ्याकडं बघत होता, कारण उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

“औषधाला ऊन सोसत नाही,” मी म्हणाले. “कडक ऊन लागलं की ते निकामी होतं. निळीमुळं जरा टिकतं.”

“आन गूळ?”

“अळ्यांनी आवडीनं खावं म्हणून.”

“म्हंजी जेवायला बोलवून,” आण्णा म्हणाले.

भूपाल हसला, मीही हसले. आण्णा बांधावरच्या दगडावर बसले होते, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पांढरी टोपी. ते हसले नाहीत. टोमणा मारल्याचा भावही चेहऱ्यावर नव्हता. ऐकलेलं त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडून बघितलं होतं, इतकंच.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सांगलीत एका संस्थेच्या प्रयोगशाळेत कीटकतज्ज्ञ होते. शब्द मोठा आहे, काम अळ्या पाळण्याचं होतं. प्लास्टिकच्या डब्यांत अळ्या वाढवायच्या, रोज एरंडाची ताजी पानं घालायची, घाण काढायची, आणि चांगल्या गुबगुबीत झाल्या की पानाला विषाणू लावून तेच पान त्यांना खाऊ घालायचं. आठवडाभरात त्या मरत. मग मेलेल्या अळ्या मिक्सरमधून काढायच्या, मलमलीतून गाळायच्या, आणि ते पाणी म्हणजे आमचं औषध. एका अळीतून निघालेला रोग शेकडो अळ्यांना पुरायचा. आई शेजारणींना सांगायची की मुलगी औषधाच्या कंपनीत आहे. माझं लग्न जमत नव्हतं, त्याचं खापर मात्र ती न चुकता अळ्यांच्या माथी फोडायची.

तो विषाणू माझा होता. म्हणजे मला सापडला होता. तासगावच्या स्टँडमागं एरंडाचं झुडूप होतं, तिथं एसटीची वाट बघत उभी असताना शेंड्यावर एक अळी उलटी लटकलेली दिसली. आमच्या अळीचा हा रोग असाच असतो. शेवटच्या दिवशी ती वर वर चढत जाते, शेंड्याला मागचे पाय रोवते, डोकं खाली सोडून लटकते आणि मरते. मग कातडी फुटून आतलं पाणी खालच्या पानांवर ठिबकतं. ती पानं जी खाईल ती पुढची. मी ती अळी जेवणाच्या डब्यात घालून आणली. डबा आईनं फेकून दिला, अळी मी ठेवली. तिच्यापासून वाढवलेला विषाणू बाहेरून मागवलेल्यापेक्षा लवकर मारतो, हे मी तीन वर्षं डब्यांत सिद्ध करत होते.

डब्यात सिद्ध झालेलं बागेत चालत नाही, असं मोकाशी साहेबांचं मत होतं. ते आमचे प्रमुख. वाईट माणूस नव्हे, पण वर्षातून दोनदा संचालक मंडळासमोर उभं राहून त्यांना काहीतरी दाखवावं लागे. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं होतं. “इंगळे, या हंगामात बागेत करून दाखवा. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींत फरक दिसला तर तुमची खोली राहील. नाही दिसला तर खोलीला कुलूप, आणि तुम्ही खाली बुरशीच्या पावडरीच्या पिशव्या भरायला.”

म्हणून मी येरळा नदीच्या काठावर भूपाल मगदूमच्या द्राक्षबागेत आले होते. दिवाळी होऊन गेली होती, छाटणीनंतरची नवी फूट मांडवभर पसरली होती आणि घडांचे मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते. अळीला नेमकी हीच वेळ आवडते. दिवसा ती बुडख्याशी मातीत दडते, दिवस कलला की वर येते, पानांची चाळण करते आणि घडाचा कोवळा दांडा कुरतडते. दांडा गेला की घड गेला. पूर्वेकडच्या ओळींवर आम्ही विषाणू फवारणार होतो. पश्चिमेकडच्या, विहिरीजवळच्या ओळी तशाच ठेवायच्या होत्या. मधल्या बऱ्याच ओळी मोकळ्या सोडल्या होत्या, तिकडचा रोग वाऱ्यानं इकडं येऊ नये म्हणून.

भूपालनं बाग दिली त्याचं कारण विषाणूवरची श्रद्धा नव्हती. कारण बांधावरच्या दगडावर बसलं होतं.

मगदूम हे जैन घर. त्या भागात शेती करणारी अशी पुष्कळ जैन घरं आहेत. आण्णा, म्हणजे जिनगोंडा मगदूम, यांनी आदल्या चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता. जीव मारणार नाही, दुसऱ्याकडून मारवणार नाही, आणि कुणी मारला तर त्याला बरं म्हणणार नाही. नियम घेतला त्याच आठवड्यात त्यांनी बाग मुलाच्या हवाली केली. भूपाल विषारी औषध मारायचा त्या दिवशी आण्णा गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन बसायचे आणि वास पुरता गेल्याशिवाय घरी यायचे नाहीत. हंगामात आठवड्याला फवारणी असते. म्हातारा घरी कमी आणि बस्तीत जास्त असायचा.

“घर असून बाप पाव्हण्यागत ऱ्हातोय, बगवत न्हाई म्याडम,” भूपाल मला म्हणाला होता. “तुमचं औषध विषारी न्हाई म्हंता. बगू, त्यास्नी चालतंय का.”

त्या दिवशी आण्णा बस्तीत गेले नाहीत. बसून राहिले. मला वाटतं, अळ्या पाळणारी बाई कशी असते हे त्यांना बघायचं होतं.

“तुमी अळ्या पाळता म्हणं,” त्यांनी विचारलं.

“हो.”

“खायला काय घालता?”

“एरंडाची पानं. रोज ताजी.”

“आजारी पडल्या तर?”

“वेगळ्या काढते. नाहीतर बाकीच्यांना लागतं.”

“पोटच्या पोरागत करता म्हणायचं.”

“जवळजवळ.”

“आन मग?”

मी पिंपाकडं बघितलं. “मग त्यांना हा रोग देते.”

आण्णांनी मान हलवली. कुणी शेजारच्या गावचा रस्ता सांगावा तशी. “म्हंजी हे ईख न्हाई.”

“विष नाही, रोग आहे. माणसाला, गाईला, मधमाशीला काही होत नाही. फक्त ह्या अळीला होतो.”

“आन तिला काय हुतं?”

“पहिले चार दिवस काहीच नाही. खाते, हिंडते. मग खाणं सुटतं. मग वर चढते.”

“वर कशापाई?”

“ते नक्की कुणाला माहीत नाही. शेंड्यावर जाऊन लटकते आणि मरते.”

आण्णा मांडवाच्या शेंड्यांकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात विहिरीच्या बाजूला केला. “आन त्या वळी? त्या कशाला सोडल्या?”

“तुलनेसाठी. तिथं काही मारायचं नाही. अळ्या जशा आहेत तशाच राहू द्यायच्या.”

“कायबी न्हाई मारायचं?”

“काहीही नाही. तिथं अळ्यांना अभय आहे, आण्णा.”

मी गमतीनं म्हणाले होते. त्यांच्या धर्मातला शब्द आपल्याला वापरता आला, याचं मला थोडं कौतुकही वाटलं होतं. आण्णांनी तो शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हटला आणि उठून हातपाय धुवायला गेले. त्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. भूपालच्या बायकोनं, राजमतीनं, आम्हालाही लवकर वाढलं. भाकरी आणि घेवड्याची आमटी खाऊन आम्ही पाठीवर पंप चढवले तेव्हा सूर्य टेकला होता. विषाणूला तीच वेळ चांगली, रात्रभर ऊन नाही आणि अळ्या जेवायला वर आलेल्या. फवारणी होईपर्यंत पूर्वेच्या ओळींची पानं निळसर दिसायला लागली होती. वारा अजिबात नव्हता, हे मी मुद्दाम बघितलं.

आठवड्यानं मी परत गेले. पूर्वेच्या ओळींत शेंड्याशेंड्याला अळ्या लटकल्या होत्या. भूपाल दाखवत पुढं आणि मी मागं. त्याला इतका आनंद झाला होता की त्यानं दोनदा माझी पिशवी घ्यायचा प्रयत्न केला.

मग मी विहिरीकडं गेले आणि तिथंही लटकलेल्या अळ्या दिसल्या. फार नव्हत्या, इथं एक, तिथं दोन. पण तिथं एकही दिसायला नको होती. अळी एवढं अंतर चालत जात नाही आणि वारा नव्हता. कुठल्या पक्ष्यानं रोग नेला असेल, एवढंच मला सुचलं, आणि मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला पक्षी बरे पडतात.

जाताना राजमतीनं चहा दिला. घरात बरं वातावरण होतं. “मामाजी आता घरीच असतात,” ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. “पहाटेचं उठून बागेत जातात. जप करत हिंडतात वाटतं. दिवस वर आला की येतात, अंघोळ करतात. तुमच्या औषधानं माणूस घरात आलं बघा.”

मला बरं वाटलं. माझ्या कामाबद्दल तोवर कुणी असं म्हणालं नव्हतं.

साहेबांची पाहणी पंधरवड्यानं ठरली होती. मी आदल्या दिवशी संध्याकाळीच जाऊन पोचले आणि थेट विहिरीकडच्या ओळींत शिरले. शिरले आणि उभीच राहिले. सगळा मांडव लटकलेला होता. एका शेंड्याला चार चार. काही ताज्या, काही काळ्या पडून फुटलेल्या. पूर्वेपेक्षा जास्त.

“म्हंजी औषध लईच चांगलं हाय की,” भूपाल म्हणाला.

“फार चांगलं आहे. तोच घोटाळा आहे.”

“ते कसं काय?”

“न फवारलेल्या ओळीत अळ्या जिवंत राहायला हव्या होत्या. तरच फवारणीनं मेल्या असं म्हणता येतं. आता साहेब म्हणणार, रोग आपोआपच आला होता, इंगळेंनी काय केलं?”

भूपालनं डोकं खाजवलं. “मग दोन्हीकडं मेल्या ही चूक झाली?”

“माझ्यासाठी झाली.”

त्या रात्री मी मगदुमांच्या बाहेरच्या सोप्यात झोपले, म्हणजे पडून राहिले. बुरशीच्या पावडरीला एक ओलसर वास असतो, तो मला तिथंच यायला लागला होता. तांबडं फुटायच्या आधी मी उठले आणि बागेत गेले. पुरेशा अळ्या तपासल्या तर काहीतरी कारण सापडेल, असं मला वाटत होतं.

कारण पूर्वेच्या ओळीत वाकून उभं होतं.

आण्णांच्या डाव्या हातात बांबूची बुट्टी होती, तळाला द्राक्षाची पानं अंथरलेली. उजव्या हातातल्या देठानं ते पानावरची अळी अलगद लोटत होते आणि बुट्टीत घेत होते. ओठ हलत होते, णमोकार मंत्र चालला होता. एक वेल झाला की दुसरा. त्यांनी मला बघितलं, पण हात थांबवला नाही. बुट्टी घेऊन ते मधल्या ओळी ओलांडून विहिरीच्या दिशेनं निघाले. मी मागं गेले. मधेच, मोकळ्या सोडलेल्या ओळींत, ते थांबले.

“म्याडम, बरं झालं आला,” ते म्हणाले. “तुमालाच विचारायचं हुतं.”

“हे तुम्ही रोज करता?”

“तुमी फवारलं त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं. तिकडं त्या मरणार, तुमीच म्हणला. आन हितं अभय हाय, हेबी तुमीच म्हणला. मग म्हटलं, जेवढ्या हुतील तेवढ्या तिकडनं हिकडं न्याव्या. ह्यात भूपालच्या कामात आडवं येनं न्हाई, तुमच्याबी न्हाई. नियमालाबी धरून हाय.”

मी बुट्टीत बघितलं. पंधरावीस अळ्या पानांवर हळूहळू चालत होत्या. दिसायला निरोगी. चार दिवस काहीच दिसत नाही.

“पर हितं येऊनबी त्या मरत्यात,” आण्णा म्हणाले. “आन हितल्या ज्या आदीपास्नं हुत्या त्याबी मरायल्यात. तुमी तर हितं कायबी मारलं न्हाई. का मरत असतील?”

मला सगळं कळलं होतं. त्यांनी आणलेली प्रत्येक अळी आधीच जेवून आलेली होती. तिला विहिरीकडं नेऊन सोडली की ती तिथल्या शेंड्यावर चढत होती, लटकत होती, फुटत होती, आणि खालच्या पानांवर ठिबकत होती. मी पाठीवरच्या पंपानं जे केलं त्यापेक्षा आण्णांनी बुट्टीनं जास्त केलं होतं. आणि हे एक वाक्य दुपारी साहेबांना सांगितलं की माझी खोली वाचत होती.

आण्णा माझ्याकडं बघत होते.

“थंडीनं असेल,” मी म्हणाले. “यंदा थंडी लवकर पडली.”

“तसंच म्हणायचं,” आण्णा म्हणाले. त्यांनी एकदा पूर्वेकडं बघितलं, एकदा पश्चिमेकडं. “मग आता ह्यास्नी कुठं नेऊ?”

“असू द्या बुट्टीतच. पाला घाला.”

ते बुट्टी घेऊन घराकडं गेले. मी तिथंच थोडा वेळ उभी राहिले. साहेबांना काहीच सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं, आणि ते ठरवताना मला स्वतःबद्दल बरंच चांगलं वाटलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी उदार घडणार होतं. दुपारपर्यंत ते टिकलं असतं का, याची मला खात्री नव्हती.

मोकाशी साहेब जीपमधून आले. पूर्वेच्या ओळी बघून खूश झाले. भूपालच्या पाठीवर थाप मारली. मग विहिरीकडं गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हातानं चार शेंडे वाकवून बघितले.

“इंगळे, हे काय आहे?”

“इकडंही आलाय, सर.”

“ते दिसतंय. कसा आला?”

मी लटकलेल्या अळ्या मोजायला लागले.

“पंप धुतला होता? हेच पिंप इकडं आणलं होतं? वारा?”

“वारा नव्हता, सर.”

“मग आभाळातून पडला?” साहेबांचा आवाज वाढला. “तीन वर्षं खोली दिली तुम्हाला. एक साधा पट्टा निर्मळ ठेवता येत नाही? मंडळाला काय दाखवू मी? दोन्हीकडं सारखंच. उद्या खोली रिकामी करा.”

भूपाल मधे पडला. “साहेब, म्याडमचं काय चुकलं न्हाई. आण्णा म्हणत हुते, थंडीनं मेल्या असतील.”

“थंडीनं?” साहेब म्हणाले. “थंडीनं अळी अशी लटकते का? हा रोग आहे. आणि तो पायानं चालत येत नाही. तिकडची रोगट अळी इकडं आल्याशिवाय इकडच्या निरोगी अळ्यांना लागूच शकत नाही. एवढं अंतर ती चालत आली?”

विहिरीच्या धक्क्यावर आण्णा उभे होते, हातात बुट्टी. ते केव्हा आले ते मी बघितलं नव्हतं. साहेबांचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग ओळीत खाली आले.

“चालत न्हाई आल्या, साहेब,” ते म्हणाले. “मी आणल्या.”

“तुम्ही कोण?”

“ह्यो माझा बाप,” भूपाल म्हणाला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

“तिकडनं उचलल्या आन हितं सोडल्या,” आण्णा म्हणाले. “रोज सकाळी. म्याडमना ठाव न्हवतं. खोली त्यांची काढू नगा.”

साहेबांनी बुट्टीत डोकावलं, मग वर मांडवाकडं बघितलं, मग परत बुट्टीत. त्यांचा चेहरा बदलला. इतका मोकळा हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“अहो, मग हे तर सोनं आहे,” ते म्हणाले. “इंगळे, कळतंय का तुम्हाला? थेंबभर औषध न मारता सगळा पट्टा साफ! नुसत्या रोगट अळ्या नेऊन सोडल्या. शेतकऱ्याला पंपसुद्धा नको. एका कोपऱ्यात फवारायचं, बुट्टीत भरायच्या आणि बागभर सोडायच्या. हे दाखवतो मी मंडळाला.” त्यांनी आण्णांचा हात हातात घेतला. “आण्णा, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या पुढं गेलात.”

आण्णांनी हात सोडवून घेतला नाही. “साहेब,” त्यांनी विचारलं, “एका बुट्टीमागं किती गेल्या असतील?”

“मोजदाद नाही. हजारोंनी! आमच्या पंपाला जमलं नाही ते तुमच्या बुट्टीनं केलं.”

“हजारोंनी,” आण्णा म्हणाले.

भूपालनं मान खाली घातली. त्याला समजलं होतं. साहेबांना समजायचं कारण नव्हतं, ते कोकणातले, मासे खाणारे. त्यांनी बुट्टीला हात लावला. “ही आम्हाला द्या. पुढच्या महिन्यात आमचं प्रदर्शन आहे, तिथं मांडू. खाली तुमचं नाव लिहू.”

आण्णांनी बुट्टी मागं घेतली. “जीव मारायची वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई, असा आमच्यात नियम हाय,” ते म्हणाले आणि घराकडं वळले.

साहेबांनी मला हळूच विचारलं, “कुठली वस्तू म्हणाले?”

पुढं जे झालं ते एका दमात सांगून टाकते. माझी खोली राहिली. दोन वर्षांनी तिची दोन दालनं झाली आणि मी तिथूनच निवृत्त झाले. लग्नही झालं, अळ्यांसकट. रोगट अळ्या गोळा करून बागेत सोडण्याची पद्धत आमच्या पत्रकात छापली गेली आणि खूप शेतकऱ्यांनी ती वापरली. साहेबांना तिला मगदुमांचं नाव द्यायचं होतं, भूपालनं कळवलं की देऊ नका. त्या हंगामात त्याची बाग चांगली आली. आण्णा परत बस्तीत राहायला गेले नाहीत, घरीच राहिले. बागेत मात्र त्यांनी नंतर पाऊल टाकलं नाही, असं राजमती म्हणाली.

त्या संध्याकाळी साहेबांची जीप गेली आणि मी एसटीसाठी थांबले होते. राजमतीनं दिवस असतानाच ताटं मांडली. आण्णांनी आज नको म्हणून सांगितलं. मी जेवले. भूक लागली होती, आणि त्या घरात नंतर मिळालं नसतं. हात धुऊन बाहेर आले तर आण्णा ओट्यावर बसले होते. बुट्टी मांडीवर होती आणि ते तिच्यातला सुकलेला पाला काढून ताजा घालत होते. अळ्या खात होत्या.

“यातल्या किती जगतील?” त्यांनी विचारलं.

या वेळी मी खरं सांगितलं. “बहुतेक एकही नाही.”

“कदी कळंल?”

“दोन-तीन दिवसांत वर चढायला लागतील.”

त्यांनी बुट्टीची कड चाचपली. वर चढायला तिथं फार जागा नव्हती.

“सकाळी तुमी थंडी म्हणला,” ते म्हणाले.

“हो.”

“थंडी न्हवती.”

“नव्हती.”

“तुमास्नी तवाच कळलं हुतं.”

“बुट्टी बघितली तेव्हाच कळलं.”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, नीळ कशाला, गूळ कशाला, असं विचारलं होतं तसंच.

“मग सांगितलं का न्हाई?”

“तुमचं वाईट वाटलं, आण्णा.”

त्यांनी एक अळी पाल्याखाली अडकली होती ती देठानं मोकळी केली आणि पानावर घेतली.

“मलाबी ह्यांचं वाईटच वाटलं हुतं,” ते म्हणाले. “म्हणूनच उचलल्या.”